दादांचा सिनेमा आणि आपलं नाक मुरडणं

मंडळी, या वीकएंडचा विषय दादा कोंडके. मुरडलंत ना नाक? आपल्या पिढीला दादा माहीत आहेत ते चावट शीर्षकांपुरते. 'सोंगाड्या' अख्खा बसून पाहिलेले मित्र शोधा, एका हाताची बोटं पुरतील.

आधी थोडा इतिहास. दादांचा जन्म १९३२चा, नायगावच्या चाळीतला. सेवा दलाचं कलापथक, मग वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा', १९६९ला भालजी पेंढारकरांचा 'तांबडी माती' आणि १९७१ला स्वतःची निर्मिती 'सोंगाड्या'. दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'पुढे तो मागे पडत होता, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले. तिथून दादांच्या ओळीने नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले. समीक्षक मात्र 'अश्लील' आणि 'थिल्लर' यापुढे फारसे सरकले नाहीत.

मग हे बघत कोण होतं? करी रोड स्टेशनातून बाहेर पडून लालबागकडे चाललात की 'भारतमाता' टॉकीज लागतं. हा सगळा पट्टा गिरणगावाचा. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांना तमाशातला सोंगाड्या पुरता ठाऊक होता. तो वेड पांघरतो आणि पाटलापासून राजापर्यंत कुणाचीही टोपी उडवतो. दोन अर्थांचं बोलणं हे त्याचं हत्यार. एक अर्थ भोळा, तो स्वतःसाठी. दुसरा ऐकणाऱ्याच्या मनातला! समीक्षकांनी तेच वाक्य कागदावर ठेवून तपासलं. त्यात सोंग गळून गेलं, चावटपणा तेवढा उरला.

म्हणून टीका सगळी खोटी होती असं नाही. बाईला विनोदाचं निमित्त करणं तेव्हाही खटकणारं होतं, आजही खटकतं. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) पर्यंत येताना तर गाव आणि तमाशा मागे राहिले, नुसते शब्दांचे खेळ उरले. पण 'सोंगाड्या'तला आयेच्या धाकातला नाम्या आणि 'पांडू हवालदार' (१९७५) एवढ्यावरून मोडीत काढायचे?

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा प्रेक्षकच हळूहळू पांगला. त्या गिरण्यांच्या जागी आता काचेची ऑफिसं आहेत, आपल्यातले कित्येक तिथेच कोड लिहितात. त्या माणसांची घरं गेली, कामं गेली. ती कशावर खळखळून हसायची, एवढं तरी आपण समजून घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या रविवारी 'सोंगाड्या' लावा. नाही आवडला तर खुशाल शिव्या घाला. पण बघून घाला!