बुळकांडीचा अंत : डॉ. वॉल्टर प्लाउराइट यांची साधना

आजच्या पिढीला ‘बुळकांडी’ हा शब्द सहसा ठाऊक नसतो. आमच्या लहानपणी मात्र घरातील वडीलधारी माणसे तो उच्चारताना आवाज खाली आणीत. गोठ्यात हा रोग शिरला, की गुरांना ताप भरे, तोंडात चट्टे पडत, हगवण लागे आणि दहा-बारा दिवसांत दावणी रिकाम्या होत. बैल गेला की नांगर थांबे, आणि नांगर थांबला की चूल.

हे संकट फार जुने. १७१३ साली रोमच्या परिसरात ते कोसळले, तेव्हा पोप अकरावे क्लेमेंट यांचे वैद्य लान्चिसी यांनी रोगी जनावरे मारून चुन्यासह खोल पुरावीत आणि गुरांची ने-आण बंद करावी, असा सल्ला दिला. पुढे सुमारे अडीच शतके जगाने हाच मार्ग चोखाळला. १८८७च्या सुमारास ही साथ आफ्रिकेत शिरली. भारतातून नेलेल्या गुरांबरोबर ती तेथे गेली, असे मानले जाते. दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकास पोहोचली. अनेक प्रदेशांत शेकडा ८० ते ९० गुरे दगावली, आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला.

आपल्या देशात या रोगाच्या संशोधनाचा पाया पुण्यात घातला गेला. १८८९ साली तेथे स्थापन झालेली प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली. तेथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात रोगाचा विषाणू बकऱ्यांत वाढवून त्याची लस केली. आपल्या काटक देशी गुरांना ती मानवली. विदेशी व संकरित जनावरांना मात्र ती सोसत नसे. रोग टाळणारी, पण कोणत्याही जनावराला इजा न करणारी लस हवी होती.

ती दिली डॉ. वॉल्टर प्लाउराइट यांनी. १९२३ साली इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये जन्मलेले प्लाउराइट १९४४ मध्ये पशुवैद्य झाले आणि सैन्यासोबत केनियात गेले. पुढे नैरोबीजवळील मुगुगा येथील प्रयोगशाळेत त्यांनी वासराच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात जगवून त्यांत हा विषाणू वाढवला. एका पात्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा सुमारे ९० वेळा! या प्रवासात विषाणूची मारकशक्ती ओसरली, पण जनावराच्या शरीराला शत्रूची ओळख पटवण्याचे त्याचे सामर्थ्य टिकले. फेरिस या सहकाऱ्यासह त्यांनी हे काम १९६२ साली प्रसिद्ध केले. लस स्वस्त होती, सर्व जातींना सोसत होती आणि एकदा टोचली की आयुष्यभर पुरत होती.

प्लाउराइट यांच्या स्वभावातील एक गुण येथे सांगितला पाहिजे. रानातील वाइल्डबीस्ट ही हरणे व्यायला लागली, की आपल्या गुरांना एक प्राणघातक ज्वर होतो, असे मसाई गुराखी पिढ्यान्‌पिढ्या सांगत. प्लाउराइट यांनी ते अडाण्यांचे बोल मानले नाहीत. १९६० साली त्यांनी त्या हरणांतच त्या ज्वराचा विषाणू शोधून काढला.

लशीने गुरे वाचली, तशी रानेही वाचली. गुरांतील बुळकांडी आटोक्यात आल्यावर सेरेंगेटीतील वाइल्डबीस्टची संख्या १९६१ मधील सुमारे अडीच लाखांवरून १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेली. रोगाचे मूळ रानात नसून गोठ्यात होते, हे त्यावरून कळले.

एक अडचण उरली होती. लस थंड ठेवावी लागे, आणि वाळवंटात बर्फ कोठून आणणार? इतर संशोधकांनी पुढे प्लाउराइट यांच्याच विषाणूपासून उष्णता सोसणारी लस केली आणि गावोगावच्या गुराख्यांनी ती स्वतः टोचली. भारतात १९९५ नंतर हा रोग आढळला नाही. जगातील शेवटचा रुग्ण २००१ साली केनियात दिसला आणि २०११ साली बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मानवाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग.

१९९९ साली प्लाउराइट यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ती घोषणा ऐकायला मात्र ते उरले नव्हते; २०१० च्या फेब्रुवारीतच ते निवर्तले. मोशेने वचनदत्त भूमी डोंगरावरून पाहिली, तसा त्यांनीही हा दिवस दुरूनच पाहिला.

वाचकहो, आपल्या मुलांना ‘बुळकांडी’चा अर्थ विचारून पाहा. त्यांना तो सांगता येणार नाही. मग त्यांना हा शब्द समजावून सांगा आणि तो विसरला जावा म्हणून कोणी आयुष्य वेचले, तेही सांगा.