मिथेन खाणारा जंतू आणि शंभर वर्षांची चिकाटी

भाताच्या खाचरातून, शेणाच्या ढिगातून, कचरा डेपोतून मिथेन सतत बाहेर पडतो. वीस वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट ताप वाढवतो. पण मंडळी, हाच वायू खाऊन जगणारे जंतू आहेत, आणि ते काही आज सापडलेले नाहीत.

१९०६ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टला सोंगेन नावाच्या संशोधकाने असा जंतू वेगळा काढला. त्यानंतर कित्येक वर्षं त्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही. १९७० मध्ये ब्रिटनच्या व्हिटनबरी यांनी असे शंभरावर जंतू गोळा केले. त्यांच्या कामातला सगळ्यात गाजलेला जंतू बाथ गावच्या रोमनकालीन गरम कुंडांमधला. त्याच्या पोटातलं विकर, म्हणजे एन्झाइम, वॉरिक विद्यापीठात हॉवर्ड डाल्टन यांनी उलगडायला घेतलं.

हे विकर करतं काय? मिथेनचं मेथेनॉल. कारखान्यात त्यासाठी शेकडो अंशांची उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जंतू तेच काम ४५ अंशांच्या पाण्यात करतो!

मग त्याचे जनुक काढून ई. कोलायमध्ये का घालू नयेत? ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, हाताळायलाही सोपा. १९७८ मध्ये त्याच्याकडून मानवी इन्सुलिन करून घेतलं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूरही झालं. मिथेनचं विकर मात्र दाद देईना. त्याचे दोन प्रकार. एकात लोह असतं आणि तीन भाग जुळावे लागतात. दुसऱ्याला तांबं लागतं आणि ते पेशीच्या पडद्यात रुतून बसतं. जनुक घातले तरी प्रथिनाची घडी नीट बसत नाही. घडी घालणारी मदतनीस प्रथिनंही सोबत द्यावी लागतात. लोहवाल्याची रचना १९९३ ला कळली, तांब्यावाल्याची २००५ ला. २०१९ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी तांब्यावाल्याचे कामाचे तुकडे नव्याने जोडून ई. कोलायमध्ये मेथेनॉल करून दाखवलं. कारखाना चालेल एवढं उत्पादन अजून दूर आहे.

आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही भातखाचरातून काकडीच्या आकाराचा एक मिथेनखाऊ जंतू शोधलाय.

"याचा उपयोग काय?" असं विचारून निधी कापणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. सोंगेनलाही तेव्हा उत्तर देता आलं नसतं.