मेणवली दप्तर

पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस (१७४२–१८००) यांच्या मेणवली येथील वाड्यातील कागदपत्रांचा संग्रह. पाचगणीच्या पायथ्याशी, वाईजवळ कृष्णाकाठी हे गाव आहे (पहा : वाई).

नानांच्या मृत्यूनंतर वाड्यात राहिलेले दप्तर साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी मिळवले. १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून त्यांनी ऐतिहासिक पत्रे छापली. त्यांच्या साताऱ्यातील संग्रहालयाचे साहित्य १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. हे दप्तरही तेथेच आहे.

कागद प्रामुख्याने मोडी लिपीत आहेत (पहा : मोडी लिपी). वकिलांची बातमीपत्रे व सरदारांचा पत्रव्यवहार हा त्यांतील मोलाचा भाग. मजकुराअखेर ‘छ’ या खुणेपुढे चांद्र तारीख येते आणि ‘पौ’ या शेऱ्याने पत्र पोचल्याची नोंद होते. पुष्कळदा वर्ष दिलेले नसते. ते आतल्या घटनांवरून ठरवावे लागते.

वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी मिरजेत पटवर्धन दप्तरावरून सिद्ध केलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ (१८९७ पासून) मेणवली दप्तराला पूरक ठरतो (पहा : पटवर्धन घराणे). दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय उत्तर पेशवाईचे राजकारण नीट उलगडत नाही.

अशा जुन्या छापील ग्रंथांच्या प्रती डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया व इंटरनेट अर्काइव्ह यांच्यामुळे घरबसल्या वाचता येतात. मात्र त्यांत मोडी पत्रांची केवळ बाळबोध नक्कल मिळते. हस्ताक्षर व शेरे तपासण्यासाठी मूळ कागदच पाहावा लागतो.