ताईमहाराज प्रकरण : एक दत्तक, अनेक कोर्टे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. मुलुंडला आमच्या शेजारीपाजारी कुणाचा भाडेकरूशी वा भावाशी तंटा निघाला, की हे वाक्य हटकून कानी पडते. ते ऐकले की मला ताईमहाराज प्रकरण आठवते. कारण या प्रकरणात ज्यांनी ती पायरी वर्षानुवर्षे झिजवली, ते लोकमान्य टिळक शहाणे नव्हते असे म्हणण्याची छाती कोण करील?

प्रकरण तसे घरगुतीच. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्रात त्यांनी विश्वस्त म्हणून मित्राचे, म्हणजे टिळकांचे नाव घातले होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले! बाबामहाराजांच्या मागे जन्मलेला मुलगाही दगावला, तेव्हा दत्तक घेणे आले. २८ जून १९०१ रोजी निजामाच्या मुलखात, औरंगाबादेस, निधोण्याच्या शाखेतील जगन्नाथास दत्तक घेण्यात आले. पण दोन महिने लोटण्याच्या आतच ताईमहाराजांनी पुण्यास कोल्हापूर शाखेतील बाळामहाराजांना मांडीवर घेतले. एका घराला दोन वारस झाले!

आता दावे-प्रतिदावे सुरू झाले. आज प्रतिवादीला त्याच दाव्यात आपला प्रतिदावा मांडता येतो. पण ही सोय दिवाणी कायद्यात स्पष्टपणे आली ती १९७६ च्या दुरुस्तीने. त्या काळी ज्याने त्याने आपापले दार ठोठवावे! ताईमहाराजांनी प्रोबेट रद्द व्हावे म्हणून पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्याकडे अर्ज केला. टिळक आणि दादासाहेब खापर्डे प्रभृती विश्वस्तांनी जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरावे म्हणून दिवाणी दावा लावला. अ‍ॅस्टनसाहेबांनी प्रोबेट तर काढून घेतलेच, वर टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला भरवला. ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. अपिलात तिचे सहा महिने झाले आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने टिळकांना निर्दोष सोडले.

एवढ्यावर कुणीही हात जोडले असते. पण औरंगाबादेचे दत्तक झालेच नाही असे ठरले, तर टिळकांची शपथही खोटी ठरत होती. दिवाणी दावा म्हणूनच सुटत नव्हता. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टाने तो टिळकांच्या बाजूने निकालात काढला. १९१० मध्ये हायकोर्टाने तो फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात! शेवटी २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक कायम केले. साक्षीदाराविरुद्ध कागद वापरायचे असतील तर उलटतपासणीत ते त्याच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात सांगितले आहे. आमचे वकील आजही त्याचा दाखला देतात.

तरी शेवट झाला नाही तो नाहीच. घराण्याची काही मिळकत कोल्हापूर संस्थानात होती. संस्थानची कोर्टे निराळी. दरबाराची सहानुभूती बाळामहाराजांकडे. लंडनचा शब्द पुण्यात चालला तरी पंचगंगेकाठी तो आपोआप चालत नव्हता. जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईस आले, तेही याच वादाच्या कामासाठी. तेथेच ते आजारी पडले आणि १ ऑगस्ट रोजी सरदारगृहात त्यांनी देह ठेवला.

आणि ताईमहाराज? ही तरुण विधवा १९०३ मध्येच वारली. जिच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते, तिला यातला एकही शेवटचा निकाल पाहता आला नाही. लहान वयात वैधव्य, गेलेले मूल आणि भोवती दोन बाजूंचे सल्लागार, हे ध्यानात घेतले की तिच्यावर रागावणे मला जमत नाही.

मित्राला दिलेला शब्द पाळण्याची टिळकांनी दिलेली किंमत मोठी होती खरी. पण मृत्युपत्रावर सही करणाऱ्याला आपण विश्वस्त कोण नेमतो हे कळत होते, एवढे मात्र हे प्रकरण निर्विवाद सिद्ध करते.