कात्री आणि सुई

चित्रपट पाहून परतणाऱ्या मंडळींची बोलणी ऐकावीत. नायिका कशी दिसली, गाणी कशी होती, विनोदी नटाने कसे हसवले, ही चर्चा घर आले तरी संपत नाही. क्वचित कोणी दिग्दर्शकाचेही नाव घेतो. परंतु ‘आज संकलन काय सुरेख झाले होते!’ असे म्हणणारा गृहस्थ मला तरी आजवर भेटलेला नाही. यात प्रेक्षकांचा काही दोष नाही. शिवण चांगली असली की टाका दिसत नाही, आणि न दिसलेल्या टाक्याची तारीफ कोण करणार?

या धंद्यातली माणसे आपल्या कामाला सरळ ‘कटिंग’ म्हणत, म्हणजे कापणे. मराठीने मात्र शब्द योजला तो ‘संकलन’, म्हणजे वेचून एकत्र मांडणे. एका शब्दात कात्री आहे, दुसऱ्यात सुई. खरा संकलक दोन्ही चालवतो. चित्रपट काही कथेच्या क्रमाने घेतला जात नाही. शेवटचा प्रसंग आधी घेतात, पहिला मागाहून. एकच संवाद दहादा होतो. त्या ढिगातून नेमके कोणते तुकडे घ्यायचे, कोठे तोडायचे आणि कशाला काय जोडायचे, हे ठरवणारा तो संकलक. रशियातल्या कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक गंमत करून पाहिली. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या वाडग्याला जोडला आणि एकदा शवपेटीला. पाहणाऱ्यांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक! चेहरा तोच होता. बदलला होता तो शेजार.

मी बीड जिल्ह्यातला, अंबाजोगाईकडचा. आमच्या गावी दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्या आणि आकृत्या यांनी मांडून दाखवला. चित्रपटाच्या फितीचा विचार करताना मला नेहमी ती पासोडी आठवते. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात आणि बोलपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. म्हणजे पासोडीएवढी चाळीस फूट फीत अवघ्या सत्तावीस सेकंदांत संपते. पण नियम दोहोंचा एकच: काय कोठे मांडले यावर अर्थ ठरतो.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात घरातच झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. तो सुमारे ३,७०० फुटांचा होता. कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके करीत, आणि मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. त्यांना पहिल्या संकलक मानणारेही आहेत. पडद्यावर स्त्रीची भूमिका करायला बाई मिळत नव्हती, पण पडद्यामागे हे सारे एक बाई करीत होती!

पुढे बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा प्रारंभ झाला, आणि संकलकाचे काम दुप्पट अवघड झाले. आता चित्राबरोबर आवाजही जुळवायचा होता. ओठ आधी हलले आणि शब्द मागाहून आला की प्रेक्षक हसलाच म्हणून समजावे. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवा. इकडे तुकोबा विठ्ठलाच्या नामात रंगलेले, तिकडे जिजाई संसाराने गांजलेली. या दोहोंचा तोल जरा ढळला असता तर एक तरी खोटा वाटला असता. दामले-फत्तेलाल ही नावे घरोघरी पोहोचली, आणि तो चित्रपट १९३७ साली व्हेनिसमध्ये नावाजला गेला. त्याचे संकलक ए. आर. शेख. हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

ही विद्या त्या काळी पुस्तकात नव्हती. अंधाऱ्या खोलीत उस्तादाच्या बाजूला उभे राहायचे, त्याने फेकलेले तुकडे गोळा करून त्यांवर क्रमांक टाकायचे आणि वर्षानुवर्षे पाहत राहायचे. अनंत माने प्रभातमध्ये असेच तयार झाले आणि पुढे दिग्दर्शक होऊन त्यांनी १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ दिला. प्रभात बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हा खोलीची शाळा झाली. तेथे शिकलेल्या रेणू सलुजा यांनी संकलनाचे राष्ट्रीय पारितोषिक चार वेळा मिळवले.

पण पुणे आम्हां बीडकरांना लांब होते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, आणि नंतरही आमच्या खेड्यांतून सिनेमा यायचा तो जत्रेतल्या तंबूत. तंबूतली प्रत शहराशहरांतून फिरून जीर्ण झालेली असे. ती मध्येच तुटली की अंधारात शिट्ट्या सुरू व्हायच्या. ऑपरेटर घाईघाईने पात्याने फितीचा थर खरवडायचा, सिमेंट लावायचा आणि दोन टोके दाबून धरायचा. दर वेळी दोन-चार चित्रे जात. असे करता करता गाण्याचे अर्धे कडवे नाहीसे होई, नायक दाराबाहेर असतानाच एकदम खाटेवर बसलेला दिसे. शहराने एक चित्रपट पाहिला, आम्ही त्याच नावाचा दुसराच पाहिला! तुकडा गेला की कथेला कोठे भोक पडते, हे आम्ही लहानपणीच शिकलो.

आज काळ पुरता पालटला आहे. १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’चे संकलन वॉल्टर मर्च यांनी संगणकावर पुरे केले आणि त्याला ऑस्कर मिळाले. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ. कात्री गेली, सिमेंट गेले. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये; त्याआधी कितीतरी वर्षे इंटरनेट येऊन बसले होते. आता आमच्याकडचा मुलगा ‘दा विंची रिझॉल्व्ह’सारखे साधन एक पैसाही न मोजता उतरवून घेतो. मर्च यांची व्याख्याने ऐकतो. ‘आर्ट ऑफ द कट’ या मुलाखतमालेत मोठमोठे संकलक आपले बरेवाईट अनुभव सांगतात, ते वाचतो. अमेरिकेतल्या संकलकांच्या संघटनेचे नियतकालिकही त्याला घरबसल्या चाळता येते. ज्या खोलीच्या दारात आमच्या पिढीला उभे राहता आले नाही, तिचे दार त्याच्या खिशात आहे.

याचा मला आनंदच आहे. परंतु एक गोष्ट मनाला लागते. त्या मुलाला हॉलिवुडच्या संकलकाने कोणत्या प्रसंगी कोठे कापले आणि का, हे कळते. शेख यांनी ‘संत तुकाराम’ कसा जोडला, हे त्यांच्याच शब्दांत कोठे मिळावे? आपले कारागीर बोलले ते सहायकाशी, आणि तेही हातांनी. कागदावर फारच थोडे उतरले.

लिहिण्याने काय साधते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चे (१९१९) तुकडे पुढे पी. के. नायर यांच्या हाती लागले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी त्यांनी जन्म वेचला. त्या तुकड्यांचा क्रम लागला तो फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या टिपणांच्या आधारे. टिपणे नसती तर कृष्ण डोहात आधी उतरला की नंतर, यावर आपण वाद घालीत बसलो असतो. उलट, जुनी नायट्रेटची फीत कापरासारखी पेटते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा रिळांच्या कोठाराला आग लागली आणि जे जळले ते गेले.

फितीवर हात चालवलेले संकलक आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्यापाशी बसून, विचारून, मराठीत उतरवून घेण्याचे दिवस थोडे उरले आहेत. यंत्र फुकट मिळते, म्हणून नजरही फुकट मिळेल असे नाही. ती कोणाकडून तरी घ्यावी लागते. हे काम पुण्यामुंबईनेच करावे असेही नाही. ज्याच्या हाती फोन आहे त्या आमच्या मुलानेही ते करावे.

आणि वाचकहो, तुम्हां-आम्हां प्रेक्षकांना यातले एक सोपे काम करता येईल. २०१६ च्या ‘सैराट’च्या गाण्यांवर कोण नाचले नाही? त्याचे संकलक कुतुब इनामदार. ए. आर. शेख यांच्यापासून इनामदारांपर्यंत ऐंशी वर्षांची वाट आहे, आणि तिच्यावरची बहुतेक नावे आपण वाचलीच नाहीत. या दिवाळीत घरची सारी मंडळी मिळून चित्रपट पाहाल, तेव्हा नामावळी सुरू होताच फराळाच्या ताटाकडे वळू नका. ‘संकलन’ या शब्दापुढे कोणते नाव येते, तेवढे मोठ्याने वाचा. मुले विचारतील, ‘हे काय असतं?’ मग सांगायला बसा.