रामकुंडावरची वही

तुमच्या खापरपणजोबांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? आजोबांचे असते, पणजोबांचे श्राद्धाच्या निमित्ताने कानावर पडलेले असते; त्यांच्या मागे गेलो की बहुतेकांची गाडी अडते. मी नाशकात वीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवतो आहे. तरी माझीही तीच गत होती.

आमच्या घरी तर त्यांचे नाव घ्यायचीच चाल नव्हती. मूळ गाव सिन्नर तालुक्यात. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात हा गृहस्थ बायकोपोरांना टाकून परागंदा झाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही, असे सगळे सांगत. भिंतीवरच्या वंशवृक्षात त्यांच्या जागी नुसती रेघ ओढलेली.

मोठ्यांची गोष्ट निराळी. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास राहत. त्यांच्यासारख्यांची पत्रे दप्तरात जपली जातात. पेशवे दप्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी ४५ भागांत छापून ठेवले आहेत. पण सिन्नरकडच्या एका कुळवाड्याचे दप्तर कोण ठेवणार? ठेवले होते हो! रामकुंडावरच्या उपाध्यांनी.

या नामावळ्यांची रीत साधी आहे. यात्रेकरू आला की त्याने गाव, आडनाव, जात सांगायची. मग त्याचे उपाध्ये कोण ते ठरते. अस्थी आणल्या असोत की सिंहस्थाचे स्नान असो, धार्मिक कार्य उरकल्यावर वहीत लेख होतो: स्वतःचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुले, बरोबर कोण आले, मिती कोणती, आणि खाली सही. पुढच्या पिढीतला कोणी आला की हाच लेख त्याला वाचून दाखवायचा. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाल्यावर तर मुंबईकडच्या माणसांना नाशिक फारच जवळ झाले.

या वह्या सरकारी नव्हेत. त्या उपाध्यांच्या घरच्या, वारशाने आलेल्या. तेव्हा जाताना हक्काने नाही, विनंती करून जावे. आणि मोडी येत असेल तर उत्तम. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळत नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्याआधी मी मोडीचा वर्ग घ्यायचो तेव्हा चार विद्यार्थी येत, त्यातले दोघे पावसामुळे आडोशाला आलेले!

असो. आमच्या उपाध्यांनी वही काढली. लाल कापडात बांधलेली, लांबट, कडांना कसर लागलेली. पहिला लेख शके १७९९ चा, म्हणजे ऐन दुष्काळातला. खापरपणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. खाली त्यांची निशाणी नांगर. ज्याला लिहिता येत नाही त्या शेतकऱ्याची हीच सही.

दोन पाने उलटल्यावर दुसरा लेख निघाला. त्यातल्या शकाचे शेवटचे दोन आकडे कसरीने खाल्लेले. मात्र संवत्सराचे नाव शाबूत होते: सर्वजित्. संवत्सरे साठ वर्षांनी फिरून येतात. सर्वजित् शके १७४९ ला होते, मग १८०९ ला, मग १८६९ ला. माणसे पाहता मधलेच जमते. महिना मार्गशीर्ष, म्हणजे १८८७ चा शेवट. मजकूर एवढाच, की वडील मुंबई मुक्कामी वारले, त्यांच्या अस्थी घेऊन मुलगा आला, समागमे चुलते.

मी तो तीनदा वाचला. परागंदा झालेला माणूस मुंबईत होता, आणि हे घरी माहीत होते! मुलगा म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे. त्यांनी बाळबोधीत, शाळेतल्या कित्त्यासारखी गोल अक्षरे काढून सही केली आहे. चुलत्यांचा नांगर शेजारीच. आणि घरात 'तो पळाला' ही गोष्ट सांगितली ती याच चुलत्यांच्या घरातून.

का सांगितली? गावाकडची जमीन पुढे चुलत्यांच्याच नावे राहिली, हे मला ठाऊक आहे. पण वहीत जमिनीचा शब्द नाही, म्हणून मीही तिथेच थांबतो. उपाध्यांच्या लेखांतही माणसे स्वतःला पाटील, देशमुख, काय वाटेल ते लिहवून घेतात. पदवीवर फार भरवसा ठेवू नये. बाप मेल्याची नोंद मात्र कुणी हौसेने खोटी करत नाही. तरी गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, ताडा पाहायला मी गेलोच. मृत्यू मुंबईत झालेला, तेव्हा तो तिथे नसणारच. पणजोबांच्या धाकट्या बहिणीचा जन्म मात्र सापडला, १८८१ चा, आणि बापाच्या रकान्यात नाव त्यांचेच. म्हणजे माणूस दुष्काळानंतरही घरी येत-जात होता.

ही हकीकत मी ऐंशी वर्षांच्या आत्याला सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोराने एकट्याने आणल्या असतील का रे अस्थी, मुंबईहून?" वहीत तेही नाही.

पुढच्या पितृपक्षात तिला घेऊन रामकुंडावर गेलो. उपाध्यांनी वही पुढे केली, "सर, आता तुमचा लेख." मी नावे घातली, आत्याचे घातले, माझ्या दोन्ही मुलींची घातली. आत्याने चष्मा पुसला आणि पणजोबांच्या सहीचे पान पुन्हा एकदा उघडायला सांगितले.