मोटोजीपी : २००६ चा हंगाम

मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतींचा ५८ वा हंगाम. डांबरी ट्रॅकवर होणारी ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या मान्यतेने १९४९ पासून भरते. तिच्या सर्वोच्च गटाला २००२ पासून मोटोजीपी म्हणतात. २००६ मध्ये २६ मार्च ते २९ ऑक्टोबर या काळात या गटाच्या १७ शर्यती झाल्या. अमेरिकेचा निकी हेडन (होंडा) २५२ गुण मिळवून विजेता ठरला. त्याआधी सलग पाच वर्षे सर्वोच्च गटाचे विजेतेपद राखणारा इटलीचा व्हालेंतिनो रॉस्सी (यामाहा) २४७ गुणांसह दुसरा आला. निकाल अखेरच्या शर्यतीपर्यंत अधांतरी राहिला आणि शेवटी सेकंदाच्या दोन सहस्रांशांवर येऊन ठेपला.

स्वरूप. प्रत्येक शर्यतीतील पहिल्या १५ स्वारांना गुण मिळत : पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३, पाचव्याला ११ आणि पुढे उतरत्या क्रमाने पंधराव्याला १. हंगामाअखेर गुण समान झाल्यास जास्त शर्यती जिंकणारा स्वार वरचा ठरे. ९९० सीसी इंजिनांचे हे शेवटचे वर्ष होते. २००७ पासून मर्यादा ८०० सीसीवर आली.

पूर्वार्ध. हंगामाची सुरुवात स्पेनमधील हेरेझ येथे झाली. पहिल्याच वळणावर टोनी एलियासची गाडी मागून धडकल्याने रॉस्सी पडला. तो उठून पुन्हा शर्यतीत उतरला, पण चौदाव्या क्रमांकावर आला आणि त्याच्या खात्यात २ गुण पडले. शर्यत डुकाटीच्या लोरिस कापिरॉस्सीने जिंकली. या गटात पदार्पण करणारा स्पेनचा दानी पेद्रोसा दुसरा, तर हेडन तिसरा आला. कतारची शर्यत रॉस्सीने जिंकली. पण शांघाय आणि ल मॉं या लागोपाठच्या शर्यती त्याला अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. मुजेल्लो व बार्सिलोना जिंकून तो सावरत असतानाच आसेनच्या सरावात त्याच्या मनगटाला दुखापत झाली. तशाच हाताने शर्यत पुरी करून त्याने आठवा क्रमांक मिळवला.

याच आसेनला यामाहाचा कॉलिन एडवर्ड्स शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणांवर आघाडीवर असताना पडला आणि हेडन विजयी झाला. अमेरिकेतील लागुना सेका येथे हेडन पुन्हा जिंकला, तर रॉस्सीच्या गाडीने दगा दिला. अकरा शर्यतींनंतर हेडन १९४ आणि रॉस्सी १४३ गुणांवर होता. फरक ५१ गुणांचा. तोपर्यंत हेडनने फक्त दोन शर्यती जिंकल्या होत्या. मात्र अकरापैकी नऊ शर्यतींत तो पहिल्या तिघांत होता आणि एकाही शर्यतीत गुणांवाचून परतला नव्हता. विजेतेपदाचा पाया या सातत्याने घातला.

उत्तरार्ध. बर्नो, सेपांग, फिलिप आयलंड आणि मोतेगी या चार शर्यतींत रॉस्सीने ८१ गुण मिळवले, तर हेडनला ४२ गुणांवर समाधान मानावे लागले. फरक १२ वर आला. फिलिप आयलंडला शर्यत सुरू असताना पाऊस आला आणि स्वारांनी शर्यत न थांबवता पिटमध्ये जाऊन पावसाळी टायरची दुसरी गाडी घेतली. मोटोजीपीत असे प्रथमच घडले.

एश्तोरिल. १५ ऑक्टोबरला पोर्तुगालमध्ये पाचव्या लॅपला पेद्रोसा आतल्या बाजूने पुढे जाऊ पाहत असताना त्याची गाडी घसरली आणि ती संघसहकारी हेडनवरच आदळली. दोघेही कडेच्या खडीत फेकले गेले. वर्षभर एकही शर्यत न सोडलेल्या हेडनच्या पदरी शून्य आले आणि रॉस्सी ८ गुणांनी पुढे गेला. त्याच शर्यतीच्या अखेरीस रॉस्सी आणि एलियास खांद्याला खांदा लावून समाप्तीरेषेवर आले. एलियास ०.००२ सेकंदांनी जिंकला. या गटातील हा त्याचा एकमेव विजय.

व्हॅलेन्सिया. अखेरच्या शर्यतीत रॉस्सी सर्वांत पुढच्या जागेवरून निघाला, पण सुरुवात संथ झाल्याने मागे पडला आणि पाचव्या लॅपला गाडी घसरून खाली आला. गाडी उचलून तो तेरावा आला. त्याला ३ गुण मिळाले. जखमी सेते जिबेर्नाऊच्या जागी उतरलेला ३७ वर्षांचा ऑस्ट्रेलियन ट्रॉय बेलिस जिंकला, कापिरॉस्सी दुसरा आणि हेडन तिसरा आला. पेद्रोसाने हेडनला अडवले नाही. अमेरिकेचा ध्वज घेऊन ट्रॅकला फेरी मारताना हेडन हेल्मेटच्या आत रडत होता.

एश्तोरिलचे ते दोन सहस्रांश रॉस्सीच्या बाजूने पडले असते, तर त्याला २० ऐवजी २५ गुण मिळाले असते. बाकीचे निकाल तसेच राहिले, तर दोघेही २५२ वर आले असते आणि सहा विजयांच्या बळावर रॉस्सी विजेता झाला असता. हेरेझला रॉस्सीला पाडणारा आणि एश्तोरिलला त्याला हरवणारा स्वार एकच, एलियास.

इतर निकाल. कापिरॉस्सी (२२९) तिसरा, होंडाचा मार्को मेलांद्री (२२८) चौथा आणि पेद्रोसा (२१५) पाचवा आला. सतरा शर्यतींत सात जण विजयी झाले : रॉस्सी पाच, कापिरॉस्सी व मेलांद्री प्रत्येकी तीन, हेडन व पेद्रोसा प्रत्येकी दोन, एलियास व बेलिस प्रत्येकी एक. उत्पादकांचे अजिंक्यपद होंडाला मिळाले. २५० सीसी गटात होर्हे लोरेन्झो आणि १२५ सीसी गटात आल्वारो बाउतिस्ता हे स्पॅनिश स्वार विजेते ठरले.

महत्त्व. केंटकीतील ओवेन्सबरो गावच्या, मातीच्या ट्रॅकवर घडलेल्या हेडनचे हे एकमेव जागतिक विजेतेपद. मोटोजीपीत तो एकूण तीनच शर्यती जिंकला, त्यांतल्या दोन याच वर्षी. मे २०१७ मध्ये इटलीत सायकल चालवताना झालेल्या अपघातानंतर वयाच्या ३५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. वडिलांकडून आलेला त्याचा ६९ हा क्रमांक २०१९ मध्ये सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला. अधिक शर्यती जिंकणारा स्वार रॉस्सीच होता, यात वाद नाही. पण अजिंक्यपद हंगामभराच्या बेरजेचे असते, आणि त्या बेरजेत बार्सिलोनाच्या दुसऱ्या क्रमांकाइतकेच बर्नोच्या नवव्या क्रमांकाचे ७ गुणही हेडनला तारून गेले.